परदेशी ग्राहकाशी फोनवर भेटीची वेळ ठरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या निर्यात विभागात तुम्ही तीन वर्षे काम करता. ई-मेलचे इंग्रजी बऱ्यापैकी जमते. परंतु इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या ग्राहकाला फोन करून भेटीची किंवा ऑनलाइन बैठकीची वेळ ठरवायची म्हटले की घशाला कोरड पडते. यासाठी पाठ करून ठेवावीत अशी वाक्ये कोणती, आणि ‘प्रीपोन’ शब्द ऐकून पलीकडचे गृहस्थ हसले तो शब्द खरोखरच चुकीचा आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

यंत्रभागांच्या निर्यातीच्या कामात मी आधी भोसरीत आणि नंतर चाकणला मिळून सव्वीस वर्षे काढली. मी कामाला लागलो तेव्हा परदेशी फोन म्हणजे मिनिटामिनिटाला पैसे मोजण्याचा प्रकार होता आणि साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत शेजारी उभे असत. त्यामुळे बोलायचे ते आधी कागदावर उतरवून घ्यायची सवय लागली, ती फोन जवळजवळ फुकट झाल्यावरही सुटली नाही. त्या अनुभवावरून सांगतो, की वाक्ये दहा-बारा पुरतात आणि ती एका रविवारी पाठ होतील. ठरलेली भेट बिघडते ती वाक्ये न येण्यामुळे क्वचितच. ती बिघडते बारीकसारीक शब्दांमुळे, जे आपण मराठीतून जसेच्या तसे उचलून इंग्रजीत ठेवतो आणि ज्यांची चूक फोनच्या दोन्ही बाजूंना कोणाच्याच लक्षात येत नाही. व्याकरणाची ढोबळ चूक समोरच्याला कळते आणि तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. पण ‘बाय’च्या जागी ‘टिल’ पडले तर तो ते खरे मानून कामाला लागतो. म्हणून मी वाक्यांपेक्षा या शब्दांवर जास्त बोलणार आहे.

पहिला शब्द सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारा आहे, तो म्हणजे ‘यस’. मराठीत आपण दुसऱ्याचे बोलणे ऐकताना ‘हो... हो... हं’ करत राहतो, आणि त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. इंग्रजी बोलतानाही तीच लय राहते आणि आपण दर अर्ध्या वाक्याला ‘यस, यस’ म्हणतो. इंग्रज माणसाला मात्र ते ‘मान्य आहे’ असे ऐकू येते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका ग्राहकाचा गुणवत्ता-अभियंता आमचे मशिनिंग पाहायला यायचा होता. फोनवर तो एक तारीख सुचवत होता आणि त्या दिवशी यंत्रे चालू असतील ना, असे काहीतरी विचारत होता. मी डायरी चाळत ‘यस, यस’ करत होतो आणि पुढच्या आठवड्यात नक्की सांगू असे मनाशी म्हणत होतो. त्याने फोन ठेवला तो भेट ठरली असे समजून. तो आला त्या दिवशी खंडेनवमी होती. प्रत्येक लेथला झेंडूची माळ, कपाळी हळदीकुंकू, एकही स्पिंडल फिरत नाही, आणि कामगार सहकुटुंब कारखाना दाखवायला आलेले. त्याने आनंदाने पेढा खाल्ला, टिळा लावून घेतला आणि तपासणी न करता परत गेला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून ऐकताना मी ‘आय सी’ म्हणतो आणि ‘यस’ फक्त पूर्ण वाक्याच्या सुरुवातीला वापरतो: ‘यस, थर्सडे द नाइन्थ इज फाइन.’ ठरवायचे नसेल तेव्हा ‘लेट मी चेक अँड कम बॅक टू यू’ हे वाक्य तितक्याच स्पष्टपणे म्हणावे, आणि मग दिलेल्या वेळेत खरोखर फोन करावा. कारण आपल्या ‘बघतो’मध्ये जो गोड नकार दडलेला असतो तो त्यांच्याकडे पोहोचत नाही.

दुसरी जागा आपल्या ‘पर्यंत’ या शब्दाची. ‘पाचपर्यंत ड्रॉइंग पाठवतो’ आणि ‘पाचपर्यंत ऑफिसात थांबतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय फाइव्ह’ लागते, कारण काम पाचच्या आत केव्हातरी एकदा पुरे व्हायचे आहे; दुसऱ्या ठिकाणी ‘अन्टिल फाइव्ह’ किंवा ‘टिल फाइव्ह’ लागते, कारण थांबणे पाचपर्यंत सलग चालायचे आहे. ‘आय विल कॉल यू टिल फाइव्ह’ असे म्हटले तर तुम्ही पाच वाजेपर्यंत एकसारखे फोन करत बसणार आहात असा त्याचा अर्थ होतो. समोरचा हसून सोडून देईल, पण ‘शी इज अवेलेबल टिल फाइव्ह’ ऐवजी ‘बाय फाइव्ह’ म्हणालात तर तो चारला फोन करायचा तो पाचनंतर करील, आणि तुमच्या बाई तोवर बस पकडून घरी गेलेल्या असतील. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘ही इज ऑन लीव्ह अन्टिल द फोर्टीन्थ’ हे त्यांचे वाक्य. चौदा तारखेला माणूस कामावर आहे की रजेवर, हे इंग्रजांनाही या वाक्यावरून नेमके सांगता येत नाही. अमेरिकन माणूस ‘थ्रू द फोर्टीन्थ’ म्हणाला तर चौदा तारीखही रजेत धरायची. इतर वेळी सरळ विचारावे: ‘सो ही विल बी बॅक ॲट वर्क ऑन द फिफ्टीन्थ?’ असा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. उलट हा माणूस काळजीने काम करतो असेच समोरच्याला वाटते.

‘दोन दिवसांत कळवतो’ हे तिसरे ठिकाण. आपल्या ‘दोन दिवसांत’चा अर्थ दोन दिवस उलटायच्या आत असा आहे, आणि ‘दोन दिवसांनी’चा अर्थ ते उलटल्यावर. इंग्रजीतला ‘इन टू डेज’ बहुधा आपल्या ‘दोन दिवसांनी’च्या जागी बसतो, ‘दोन दिवसांत’च्या नव्हे; त्यासाठी ‘विदिन टू डेज’ म्हणावे लागते. त्याहूनही बरे म्हणजे दिवस मोजायचेच नाहीत, वाराचे नाव घ्यायचे: ‘आय विल लेट यू नो बाय वेन्झडे.’ जाता जाता एक सांगतो. ‘कळवतो’साठी आपल्याकडे अजूनही ‘आय विल इंटिमेट यू’ म्हणणारे लोक आहेत. सरकारी पत्रांतून आलेला हा शब्द फोनवर फारच विचित्र ऐकू येतो. ‘लेट यू नो’ हा त्याला पुरेसा आणि साधा पर्याय आहे.

आता घड्याळाकडे येतो, कारण माझ्या हिशेबात निम्मे गोंधळ तिथे होतात. साडेसातला इंग्रज माणूस बोलताना ‘हाफ सेव्हन’ म्हणतो. जर्मन भाषेत साडेसातला शब्दशः ‘अर्धे आठ’ म्हणतात, म्हणजे आठव्या तासाचा अर्धा भाग झाला. त्यामुळे इंग्रजीत बोलणारा एखादा जर्मन अभियंता अनवधानाने ‘हाफ एट’ म्हणून जातो तेव्हा त्याच्या मनात साडेसात असतात, आणि इंग्रजाच्या कानाला ते साडेआठ वाटतात. आपण याला हसू नये. आपल्या ‘अडीच’ या शब्दाचे मूळही संस्कृत ‘अर्धतृतीय’ म्हणजे ‘तिसरा अर्धा’ हेच आहे, आणि ‘पावणेआठ’मध्ये आपणही येणाऱ्या तासाकडून मागे मोजतो. अमेरिकन लोक पावणेआठला ‘क्वार्टर ऑफ एट’ आणि सव्वाआठला ‘क्वार्टर आफ्टर एट’ म्हणतात. त्यातला ‘ऑफ’ नवख्या कानाला उलगडत नाही. यावर उपाय एकच आहे, की आपण स्वतः कधीही अर्धे-पाव बोलायचे नाही. ‘सेव्हन थर्टी’, ‘सेव्हन फॉर्टी-फाइव्ह’ असे आकडेच बोलायचे, आणि समोरच्याने ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ म्हटले की लगेच ‘दॅट्स सेव्हन थर्टी, राइट?’ असे आकड्यांत परत विचारायचे. दुपारच्या बारासाठी ‘ट्वेल्व्ह पी.एम.’पेक्षा ‘ट्वेल्व्ह नून’ म्हणणे सुरक्षित. ‘रात्री आठ’चे भाषांतर ‘ॲट नाइट एट ओ’क्लॉक’ असे करू नये. त्यांच्याकडे आठ वाजता संध्याकाळच असते, म्हणून ‘एट इन द इव्हनिंग’. आणि आपली चारची संध्याकाळ त्यांच्या लेखी अजून दुपार असते, तेव्हा नुसते ‘आय विल कॉल इन द इव्हनिंग’ म्हणून फोन ठेवला तर दोन्हीकडचे दोन वेगवेगळ्या वेळी वाट पाहतात.

यापुढे वेळेतला फरक येतो. आपले घड्याळ वर्षभर एकाच जागी असते. त्यांचे वर्षातून दोनदा एका तासाने सरकते. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते; जर्मनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन; न्यूयॉर्क आणि डेट्रॉइट हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ; शिकागो त्याहून एक तास मागे. एवढे बहुतेकांना माहीत असते. ज्यावर लोक अडखळतात ती गोष्ट अशी, की युरोपात घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, तर अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. २०२६चेच उदाहरण घेतले तर अमेरिकेतला बदल ८ मार्चला आणि युरोपातला २९ मार्चला येतो. म्हणजे मधले तीन आठवडे डेट्रॉइट आणि जर्मनी यांच्यातले अंतर नेहमीच्या सहा तासांऐवजी पाच तास असते. तुमच्या बैठकीत अमेरिकेतला खरेदी अधिकारी, जर्मनीतला डिझाइन अभियंता आणि तुम्ही असे तिघे असाल, तर या तीन आठवड्यांत ‘नेहमीच्याच वेळी’ हा शब्दप्रयोग तिघांसाठी तीन वेगळे अर्थ घेऊन येतो. ऑक्टोबरअखेरीस हाच घोळ एक आठवड्यापुरता होतो. माझ्या टेबलावरच्या दिनदर्शिकेत मी दर जानेवारीत या चार रविवारांभोवती लाल गोल काढत असे, आणि सहकारी त्याला ‘साहेबांची चतुर्थी’ म्हणत.

फोनवर बोलताना दोन्ही वेळा मोठ्याने सांगाव्यात, त्यांची आधी आणि आपली नंतर: ‘टेन थर्टी इन द मॉर्निंग युअर टाइम, दॅट्स थ्री इन द आफ्टरनून हियर.’ यात हिशेब चुकला असेल तर तो तिथल्या तिथे सापडतो, कारण समोरचाही मनात वजाबाकी करतो. ‘आय.एस.टी.’ हे लघुरूप टाळावे. आयर्लंड आणि इस्राएलही आपापल्या वेळेसाठी तेच वापरतात. ‘इंडिया टाइम’ म्हणावे. अमेरिकेच्या बाबतीत ‘ई.एस.टी.’ असे म्हणण्याऐवजी नुसते ‘ईस्टर्न टाइम’ म्हणावे, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचा वाद उरत नाही. कोणत्या वेळा सुचवाव्यात याचाही विचार आधीच करावा. जर्मन कार्यालये सकाळी लवकर सुरू होतात; त्यांचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, म्हणून तुमचे जेवण होण्यापूर्वीच जर्मनीचे फोन उरकता येतात. इंग्लंडसाठी दुपारनंतरची वेळ बरी. अमेरिकेसाठी संध्याकाळी साडेसहा-साडेसातच्या पुढे थांबण्याला पर्याय नाही, आणि तेवढ्यासाठी घरी आधी सांगून ठेवणे हाही या कामाचाच भाग आहे.

वार आणि तारखा यांची गंमत निराळी. फोनवर ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्जडे’ हे शब्द आपल्या तोंडून फार जवळचे निघतात, कारण इंग्रजी ‘थ’ जीभ दातांना हलकेच लावून, हवा घासून काढायचा असतो आणि आपण मराठी ‘थ’ काढतो, जो इंग्रजी कानाला ‘ट’च्या जवळचा वाटतो. उच्चार सुधारता येतो, पण त्यासाठी थांबू नका. वारासोबत तारीख जोडली की उच्चार कसाही असला तरी चूक उरत नाही: ‘थर्जडे द इलेव्हन्थ ऑफ जून.’ तसेच ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. इथे आघात कुठे आहे यावर सगळे अवलंबून असते आणि मराठीत आपल्याला आघाताची सवय नाही. म्हणून आकडा म्हटला की लगेच सुटे अंक म्हणावेत: ‘थर्टीन, वन थ्री.’ लेखी तारखेत आकडे वापरूच नयेत. ०५/०६ म्हणजे इंग्लंडमध्ये पाच जून आणि अमेरिकेत सहा मे.

‘नेक्स्ट फ्रायडे’ हा शब्दप्रयोग माझ्या कार्यालयात बंदीच्या यादीत होता. सोमवारी एखाद्याने ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हटले तर कोणी याच आठवड्यातला शुक्रवार समजतो, कोणी पुढच्या आठवड्यातला; इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही यावर एकमत नाही. मराठीत ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ यांत आपण हाच घोळ घालतो, आणि ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा हे तर क्रियापद आल्याशिवाय कळतच नाही, म्हणून आपण तरी त्यांना नावे ठेवू नयेत. ब्रिटिश माणूस ‘फ्रायडे वीक’ म्हणाला तर शुक्रवार आणि त्यावर एक आठवडा, असे समजावे. ‘फोर्टनाइट’ अमेरिकेत फारसे कोणी वापरत नाही. तिथे ‘टू वीक्स’. जर्मन आणि स्वीडिश ग्राहक मात्र वेगळाच प्रकार करतात. ते वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक सांगतात: ‘लेट अस मीट इन वीक ट्वेंटी-थ्री.’ पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस गांगरतो. नियम असा आहे, की आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. त्या हिशेबाने २०२६चा तेविसावा आठवडा म्हणजे १ ते ७ जून. संगणकातल्या दिनदर्शिकेत आठवड्याचे क्रमांक दाखवण्याची सोय असते. ती आजच चालू करून ठेवा. हाच क्रमांक त्यांच्या खरेदी-आदेशातही माल पोहोचण्याच्या तारखेसाठी येतो, तेव्हा त्याचा उपयोग फोनपुरता नाही.

आता तुम्ही मागितलेल्या वाक्यांकडे वळतो. फोन बहुधा स्वागतकक्षात किंवा साहाय्यकाकडे जातो. ‘मायसेल्फ क्षीरसागर’ अशी सुरुवात करू नये. ‘गुड मॉर्निंग, धिस इज क्षीरसागर, कॉलिंग फ्रॉम इंडिया’, मग कंपनीचे नाव, आणि ‘कुड आय स्पीक टू’ अमुक, ‘प्लीज?’ सकाळ त्यांची आहे की दुपार, हे आधी पाहून घ्यावे. साहाय्यक विचारते, ‘मे आय आस्क व्हॉट इट्स रिगार्डिंग?’ हा प्रश्न तुम्हाला अडवण्यासाठी नसतो, चाळून घेण्यासाठी असतो, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात तयार असायला हवे: ‘इट्स अबाउट द सॅम्पल कास्टिंग्ज वी सेंट इन मे. आय वुड लाइक टू अरेंज अ ट्वेंटी-मिनिट कॉल.’ किती मिनिटे लागतील हे सांगितले की दार पटकन उघडते. ‘मला साहेबांशीच बोलायचे आहे’ म्हणून अडून बसले की ते बंद होते. ती ‘आय विल पुट यू थ्रू’ म्हणाली तर जोडून देते आहे. ‘आय ॲम अफ्रेड ही इज टाइड अप’ म्हणाली तर साहेब कामात आहेत, त्यात भीतीचा काही संबंध नाही. तशा वेळी तिच्याशीच वेळ ठरवता येते, आणि बऱ्याचदा साहेबांपेक्षा तिच्याशी ठरवलेली वेळच टिकते, कारण डायरी तिच्या हातात असते. नावाच्या बाबतीत ‘मिस्टर’ लावायचे ते आडनावाला. ‘मिस्टर जॉन’ असे म्हणू नये. समोरच्याने स्वतःच्या पहिल्या नावाने ओळख करून दिली की तुम्हीही पहिल्या नावावर यावे. ‘सर’ दोन-तीनदा चालतो, दर वाक्याला नको.

विनंती करण्याचा सूर ही बाब लोकांना अवघड वाटते, पण मराठी माणसाला ती अवघड वाटू नये. आपण कोणाकडे गेल्यावर ‘जरा काम होतं’, ‘तुम्हाला भेटायचं होतं’ असे म्हणतो. काम आत्ता असते आणि क्रियापद भूतकाळी असते, कारण भूतकाळात मागणे सौम्य होते. इंग्रजीतही अगदी हेच आहे: ‘आय वॉज वंडरिंग इफ वी कुड मीट ऑन द टेन्थ.’ त्यांचा ‘वॉज’ आणि आपला ‘होतं’ एकच काम करतात, हे एकदा ध्यानात आले की हे वाक्य पाठ करावे लागत नाही, ते आपोआप येते. ‘तुम्हाला कधी जमेल?’ हा आपला सभ्य प्रश्न मात्र फोनवर उपयोगाचा नाही, कारण व्यग्र माणूस त्यावर ‘सम टाइम नेक्स्ट मंथ’ म्हणून मोकळा होतो. दोन नेमक्या वेळा पुढे कराव्यात: ‘वुड वेन्झडे द टेन्थ ॲट टेन थर्टी सूट यू, ऑर वुड थर्जडे आफ्टरनून बी बेटर?’ दोनपैकी एक निवडणे सोपे असते, आणि दोन्ही नको असतील तर तोच तिसरी सुचवतो. अमेरिकनाला ‘सूट’ऐवजी ‘डझ दॅट वर्क फॉर यू’ जास्त ओळखीचे. आपल्या ‘चालेल का?’चे भाषांतर म्हणून दोन्ही ठीक आहेत.

होकार-नकारात दोन सापळे आहेत. ‘वुड यू माइंड इफ वी मूव्ह्ड इट टू फ्रायडे?’ याचा अर्थ ‘शुक्रवारवर नेले तर तुमची हरकत आहे का?’ असा आहे. आपण उत्साहाने ‘यस, यस, नो प्रॉब्लेम’ म्हणतो, म्हणजे आधी हरकत घेतो आणि मग मागे घेतो. उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल, फ्रायडे इज फाइन’ असे हवे. दुसरा सापळा नकारार्थी प्रश्नाचा. ‘सो यू आर नॉट फ्री ऑन मंडे?’ असे विचारल्यावर मराठीत आपण ‘हो, नाहीये’ म्हणतो, म्हणजे प्रश्नाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘नो, आय ॲम नॉट’ म्हणावे लागते, कारण तिथे उत्तर वस्तुस्थितीला दिले जाते. नुसते ‘यस’ म्हणून थांबलात तर सोमवारी तुम्ही मोकळे आहात असे तो धरून चालेल. याच कारणासाठी ‘कान्ट’ हा शब्दही अमेरिकनाशी बोलताना धोक्याचा. त्यांचे ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ शेवटच्या पुसट ‘ट’ने वेगळे होतात आणि फोनवर तो ‘ट’ हरवतो. ‘आय कॅनॉट’ असे सुटे म्हणावे.

यानंतर येते ते उलट वाचून दाखवणे, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा कणा तोच आहे. फोन ठेवण्यापूर्वी पाच गोष्टी एका दमात, पण सावकाश म्हणायच्या. वार व तारीख, त्यांची वेळ, आपली वेळ, कोण कोणाला कोणत्या क्रमांकावर फोन करणार, आणि किती वेळ लागणार. ‘जस्ट टू कन्फर्म: वेन्झडे द टेन्थ ऑफ जून, टेन थर्टी इन द मॉर्निंग युअर टाइम, थ्री इन द आफ्टरनून हियर, आय विल कॉल यू ऑन युअर ऑफिस नंबर, अँड वी विल नीड अबाउट ट्वेंटी मिनिट्स.’ यातली चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त सुटते. ‘वी विल टॉक ॲट टेन थर्टी’ म्हणून दोघेही फोन ठेवतात आणि ठरल्या वेळी दोघेही दुसऱ्याच्या फोनची वाट पाहत बसतात. मग अर्ध्या तासाने दोघेही एकाच क्षणी फोन लावतात आणि दोघांनाही लाइन व्यग्र मिळते. या पाचही गोष्टी म्हणून झाल्या की गप्प राहायचे. समोरच्याच्या तोंडून ‘दॅट्स राइट’ आले की मगच आभार मानायचे. फोननंतर दहा मिनिटांत तीच पाच कलमे ई-मेलने पाठवावीत आणि दिनदर्शिकेतून निमंत्रणही धाडावे, कारण ते ज्याच्या त्याच्या घड्याळानुसार आपोआप वेळ बदलून दाखवते. पण निमंत्रण जाणार आहे म्हणून तोंडी उजळणी टाळू नका. निमंत्रणात चुकीची तारीख भरणाराही माणूसच असतो.

नाव सांगणे आणि निरोप ठेवणे याबद्दल थोडक्यात. आपली आडनावे त्यांच्या कानांना दगडासारखी लागतात. ‘क्षीरसागर’मधली पहिली तीन व्यंजने ऐकून समोरची बाई पेन खाली ठेवते. एकेक अक्षर दोन-दोन तीन-तीनच्या गटात सांगावे, आणि ‘एम’ व ‘एन’, ‘बी’ व ‘डी’ यांसारख्या जोड्यांसाठी ‘एम फॉर माइक, एन फॉर नोव्हेंबर’ अशी विमानवाहतुकीतली नावे वापरावीत. ‘बी फॉर बॉम्बे’ आता आपल्याकडेही कालबाह्य झाले आहे. यांत्रिक निरोप ठेवताना नाव आणि दूरध्वनी क्रमांक सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा सांगावा. क्रमांकात ‘डबल फाइव्ह’ इंग्रजांना चालते, अमेरिकनांसाठी ‘फाइव्ह फाइव्ह’ म्हणावे.

राहिला ‘प्रीपोन’. हा शब्द अशुद्ध नाही. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात तो ‘भारतीय इंग्रजी’ अशा खुणेसह दिलेला आहे, आणि ‘पोस्टपोन’च्या जोडीला तो इतका तर्कशुद्ध आहे की इंग्रजांनी तो अजून का उचलला नाही याचे मला आश्चर्य वाटते. परंतु भारताबाहेर तो कळेलच याची खात्री नाही, आणि वेळ ठरवताना खात्रीच तर हवी असते. ब्रिटिशांसाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि अमेरिकनांसाठी ‘मूव्ह अप’ म्हणजे अलीकडे आणणे. ‘पुश बॅक’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘मूव्ह फॉरवर्ड’ मात्र कटाक्षाने टाळा. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असे सांगितले तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतलेच काही जण सोमवार समजतात आणि काही शुक्रवार, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलेले आहे. म्हणून कोणतेही क्रियापद वापरा, पण त्याच्यामागे जुनी आणि नवी तारीख दोन्ही जोडा: ‘कुड वी ब्रिंग इट फॉरवर्ड, फ्रॉम वेन्झडे द टेन्थ टू मंडे द एट्थ, सेम टाइम?’ एवढे म्हटल्यावर त्या वाक्यात ‘प्रीपोन’ घातलात तरी माणूस सोमवारीच येईल.